‘द अल्टिमेट फायटर’ की ‘कुमिते १ वॉरियर हंट’?
नागपूरच्या जिममध्ये घाम गाळणाऱ्या मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या (एमएमए) होतकरू लढवय्यांसमोर रिअ‍ॅलिटी शोचे दोन नमुने आहेत. २००५ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकी ‘द अल्टिमेट फायटर’मध्ये स्पर्धक फोन-टीव्हीविना एकाच घरात राहतात, अंतिम सामन्याआधीच्या लढती प्रदर्शनी धरल्या जात असल्याने त्या व्यावसायिक नोंदीत येत नाहीत, दोन फेऱ्यांत बरोबरी झाल्यास तिसरी खेळवली जाते आणि विजेत्याला यूएफसी या एमएमए लढती भरवणाऱ्या अमेरिकी कंपनीचा करार मिळतो. सुनील शेट्टी यांनी सूत्रसंचालन केलेला ‘कुमिते १ वॉरियर हंट’ २०२३ मध्ये एमएक्स प्लेयरवर आला. त्यातले खेळाडू आपल्याकडचे, म्हणून तो चटकन जवळचा वाटतो. तरीही काही आठवड्यांत वजनगटासाठी पुन्हापुन्हा वजन उतरवून लढतीच्या पिंजऱ्यात उभे राहणे म्हणजे काय, हे समजून घ्यायचे असेल तर माझ्या मते ‘द अल्टिमेट फायटर’च पाहावा. घरातली भांडणे खुशाल पुढे सरकवावीत.