घरातल्या उजेडासाठी: कॅमेऱ्यातला स्पॉट मीटर की हातातला प्रकाशमापक?

बडोद्यात दांडिया बाजार किंवा रावपुऱ्याच्या बाजूला जुन्या मराठी घरांत फोटो काढायला बसले, की उजेडाची अडचण पहिल्या पाच मिनिटांत कळते. रस्त्याकडे एक खिडकी, आत लांबट माजघर, मागे ट्यूबलाइट आणि देवघरात पिवळा दिवा. अशा घरात शिकणाऱ्याने हातातला प्रकाशमापक विकत घ्यावा, की कॅमेऱ्यातल्या मीटरवरच हात बसवावा, हे ठरवण्याआधी ही दोन साधने नेमके काय मोजतात ते समजून घेतले पाहिजे.

कॅमेरा वस्तूवरून परत येणारा प्रकाश मोजतो आणि समोरचे सारे मध्यम करड्या रंगाचे, म्हणजे ढोबळमानाने अठरा टक्के प्रकाश परतवणारे आहे, असे धरून चालतो. हातातला मापक आपण माणसाच्या चेहऱ्यापाशी धरतो, त्याचा पांढरा घुमट कॅमेऱ्याकडे वळवतो आणि तो त्या जागी पडणारा प्रकाश मोजतो. साडी पांढरी आहे की काळी, याच्याशी त्याला देणेघेणे नसते. हा फरक मला चुलतभावाच्या मुलाच्या मुंजीत कळला. एकाच दिव्याखाली काढलेल्या चित्रांत गुरुजींचे शुभ्र उपरणे राखाडी आले, आणि त्याच जागी काळ्या शिसवी कपाटापुढे उभे असलेले काका फिकट, धुतल्यासारखे दिसले. कॅमेऱ्याने दोन्ही वेळा आपले काम चोख केले होते. पांढऱ्यासाठी दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) वाढवायचे आणि काळ्यासाठी साधारण तेवढेच कमी करायचे, हे माझ्याकडून राहिले होते.

चौकटीचे भाग पाडून हिशेब करणारे मीटरिंग १९८३ च्या निकॉन एफए या कॅमेऱ्यात प्रथम आले आणि आज ते सर्वत्र आहे, पण खिडकी चौकटीत आली की तेही गोंधळते. खिडकीशेजारी गहू निवडत बसलेल्या आत्याचे चित्र घेताना या पद्धतीने आयएसओ (संवेदनशीलता) ४०० आणि एफ २.८ (भिंगाच्या छिद्राचे माप) ला १/४०० सेकंदाचे शटर सुचवले, आणि चित्रात आत्याची नुसती आकृती उरली. मग कॅमेऱ्यातला स्पॉट मीटर, म्हणजे चौकटीतल्या एका लहानशा ठिपक्याचाच उजेड मोजणारी सोय, तिच्या गालावर धरला, तेव्हा १/५० आले, म्हणजे तब्बल तीन स्टॉपचा फरक; बाहेरचा रस्ता पांढरा पडला, पण तिच्या बोटांमधले दाणेसुद्धा दिसू लागले. हातातल्या मापकानेही जवळपास हेच उत्तर दिले असते, फक्त त्यासाठी दर वेळी उठून तिच्यापर्यंत जावे लागले असते, आणि तिचे निवडणे थांबले असते. घरातल्या माणसांचे फोटो काढणाऱ्यासाठी ही बाब मी फार महत्त्वाची मानतो.

जिथे वस्तू स्वतःच उजळते, तिथे हातातला मापक कामाचा नाही. समईच्या ज्योतीवर किती प्रकाश पडतो हे मोजून काहीच हाती लागत नाही. बडोद्याच्या तांबेकर वाड्यातील एकोणिसाव्या शतकातल्या भित्तिचित्रांसारखी चित्रे हाताच्या वर असली, तर तिथे मापक पोहोचत नाही आणि करडे कार्डही (माप घेण्यासाठी धरायचा मध्यम करड्या रंगाचा पुठ्ठा) धरता येत नाही. तिथे चित्रातला एखादा मध्यम रंग निवडून त्यावर स्पॉट मीटर लावणे हाच उपाय उरतो. याउलट दोन दिवे किंवा फ्लॅश मांडून, माणसाला एका जागी बसवून काम करायचे असेल, तर हातातल्या मापकाला तोड नाही. एका गालावर दुसऱ्यापेक्षा किती स्टॉप जास्त उजेड आहे हे तो थेट सांगतो, आणि हाताने जुळवलेल्या फ्लॅशचे मापही घेतो, जे कॅमेऱ्यातल्या नेहमीच्या मीटरला जमत नाही. दिवा दुप्पट दूर नेला की उजेड चौथाई होतो, हा नियमही अशा मापकाने एका दुपारीत अंगवळणी पडतो.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहून ठरवू, असे कोणी म्हणेल. अंधाऱ्या खोलीत पडदा असतो त्यापेक्षा उजळ भासतो, म्हणून चित्रावर नव्हे, हिस्टोग्रामवर, म्हणजे चित्रात गडद आणि उजळ भाग किती ते दाखवणाऱ्या आलेखावर, विश्वास ठेवावा.

दोन्ही साधनांच्या कक्षेबाहेरच्या दोन गोष्टी मात्र वेगळ्या शिकाव्या लागतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने काही दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, आणि १/५० किंवा १/१०० सोडून वेगवान शटर ठेवले तर चित्रात पट्टे उमटू शकतात. शिवाय खिडकीचा उजेड आणि पिवळा बल्ब एकत्र आले की चेहऱ्याची एक बाजू निळसर, एक केशरी होते. तेव्हा बल्ब बंद करणे हेच बहुधा उत्तम.

म्हणून प्रसंगांचे आणि घरच्या माणसांचे फोटो काढणाऱ्याने आधी एक करडे कार्ड घ्यावे आणि महिनाभर स्पॉट मीटरच वापरावा. पहिल्या दिवशी कार्ड आणि स्वतःचा तळवा एकाच उजेडात धरून दोन्हींची मापे घ्यावीत आणि फरक वहीत लिहून ठेवावा. कार्ड घरी विसरले तर पुढे तोच तळवा कामी येतो. मापकाचे पैसे स्वतःचे दिवे घेईपर्यंत राखून ठेवावेत.