35 सीसी फोर-स्ट्रोक ग्रास कटर: आठ महिने आणि 120 तासांनंतर

वापर कुठे झाला ते आधी. जालन्याकडची काळी जमीन, मोसंबीच्या ओळींमधलं गवत, बांधावरची हराळी आणि गाजरगवत. जून ते जानेवारी मिळून साधारण 120 तास. इंजिन दमदार आहे, दुसऱ्या-तिसऱ्या दोरीला सुरू होतं. मात्र सोबतच्या पुस्तिकेतलं देखभालीचं वेळापत्रक इथल्या धुळीपुढे टिकत नाही.

सगळ्यात जास्त लक्ष एअर फिल्टरला द्यावं लागतं. पुस्तिकेत दर 25 तासांनी साफ करायला सांगितलंय. पावसाळ्यात तेवढं चालतं. दिवाळीनंतर रान वाळलं की आठ-दहा तासांतच स्पंज मातकट होतो. हवा कमी पडली की इंजिन जड चालतं आणि प्लग काजळतो. स्पंज साबणाच्या कोमट पाण्यात दाबून-दाबून धुवा, पिळू नका. सावलीत पूर्ण वाळला की इंजिन ऑइलचे चार-पाच थेंब टाकून जादा ऑइल मुठीत दाबून काढा. कोरडाच बसवला तर पिठासारखी धूळ आरपार जाऊन रिंगा घासते, मग इंजिनाचा दाब कमी होऊन दोरी हलकी लागते. पेट्रोलमध्ये धुण्याची सवय असेल तर सोडा, स्पंज भुसभुशीत होतो.

इंजिन ऑइल 10डब्ल्यू-30 ग्रेडचं, फक्त 100 मिली. जनावरांच्या औषधाची 50 मिलीची सिरिंज दोनदा भरली की काम झालं. पहिला बदल 10 तासांनी, पुढे पुस्तिकेप्रमाणे 50 तासांनी; पण धुळीत 30 तासांतच ऑइल काळं पडतं, म्हणून 10, 40, 70, 100 असे बदल केले. लिटरच्या बाटलीत दहा वेळा होतं, कंजुषी कशाला? इंजिन दोन मिनिटं चालवून बंद करा आणि कोमट असताना जुनं ऑइल भरायच्या तोंडातूनच ओतून काढा. भरताना मशीन सपाट ठेवा. जास्त भरलं किंवा वाहतुकीत आडवंतिडवं टाकलं तर ऑइल एअर फिल्टरच्या डब्यात येतं आणि पांढरा धूर निघतो. पेट्रोलमध्ये टूटी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल मिसळायचं नाही. टू-स्ट्रोकची सवय असलेला मजूर हमखास मिसळतो, तेव्हा टाकीवर रंगाने लिहून ठेवा.

प्लगची फट 0.6 ते 0.7 मिमी. टोक विटकरी-तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काजळी असेल तर फिल्टर बघा, तेलकट असेल तर ऑइलची पातळी. बसवताना आधी हातानेच फिरवा. आटे गेले तर अख्खा सिलिंडर बदलायची वेळ येते.

आता पेट्रोल. यातलं इथेनॉल हवेतलं पाणी धरतं आणि रबराचे भाग कडक करतं. महिनाभर मशीन पडून राहणार असेल तर टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद होईपर्यंत चालवा. चोक ओढलेला असताना चालतं आणि सोडला की बंद पडतं? टाकीतला छोटा फिल्टर तुंबलाय. वाकवलेल्या तारेने बाहेर काढता येतो. दहा मिनिटांनी बंद पडतं आणि टाकीचं झाकण सैल केलं की पुन्हा चालतं, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. या दोन्हीसाठी कार्ब्युरेटर खोलायची गरज नसते, तरी दुकानात आधी तोच खोलतात.

एक चूक सगळेच करतात. ठिबकची नळी कापू नये म्हणून नळीजवळ अर्ध्या थ्रॉटलवर ब्लेड फिरवतात. तेव्हा क्लच पूर्ण पकडत नाही, घसरून तापतो. तिथे नायलॉन तार लावावी आणि थ्रॉटल पूर्ण द्यावा. तरीही नळीला लागून असलेलं गवत खुरप्यानेच काढा.

गिअरहेडला (ब्लेडजवळच्या गिअरच्या डबीला) 25 तासांनी लिथियम ग्रीस. सिलिंडर गार ठेवणाऱ्या बाहेरच्या पट्ट्यांमधला भुसा ब्रशने काढा, पाण्याचा फवारा नको.

तक्रार एकच: पेट्रोल ओढायचा रबरी फुगा सातव्या महिन्यात चिरला. तो, प्लग आणि टाकीतला फिल्टर, असे तिन्ही आधीच आणून ठेवा. ऐन हंगामात तालुक्याला मिळत नाहीत.