मोडी कागदांच्या साठ्यासाठी बीटीआरएफएस

वडोदऱ्यात दांडिया बाजारातील आमच्या घरी पणजोबांच्या मोडी कागदांच्या स्कॅन केलेल्या प्रती लिनक्स या संगणक प्रणालीवर, बीटीआरएफएस या फाइल सिस्टीममध्ये (डिस्कवर फायली साठवण्याची पद्धत) जपलेल्या आहेत. आधीची ईएक्सटी४ फाइल सिस्टीम वीज गेली तरी जर्नलच्या (बदलांची आधीच लिहिलेली नोंदवही) आधारे क्षणांत सावरत असे. परंतु नेहमीच्या मांडणीत जर्नलमध्ये केवळ मेटाडेटा (फायलींची नावे, जागा अशी माहिती) नोंदला जातो आणि मजकुराचा चेकसम (मजकूर बिघडला का हे ओळखण्यासाठी त्यावरून काढलेली संख्या) ईएक्सटी४ ठेवतच नाही, त्यामुळे एका खरेदीखताचा खालचा अर्धा भाग करडा झाल्याचे आम्हाला फार उशिरा कळले. २००९ साली लिनक्समध्ये आलेली बीटीआरएफएस जुन्या मजकुरावर न लिहिता नव्या जागी लिहिते, वाचताना चेकसम पडताळते आणि दोन डिस्कवर रेड १ (दोन्हींवर तीच प्रत ठेवणारी मांडणी) असल्यास खराब प्रत चांगल्या प्रतीवरून दुरुस्त करते. महिन्यातून एकदा स्क्रब (सगळा मजकूर वाचून चेकसम पडताळण्याची फेरी) अवश्य चालवावा. सतत बदलणाऱ्या डेटाबेससाठी मात्र मी ईएक्सटी४च निवडेन.