१२ लिटरचं मशीन, २ लिटरची टाकी

डीह्युमिडिफायर घेतला तो जुलैत, आता दिवाळीही उलटली. खोलीच्या हवेतली ओल ओढून तिचं पाणी टाकीत जमा करणारं हे मशीन. आता थेट टाकीवर येतो.

घर ठाण्यात नौपाड्याला, तळमजल्यावर. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच रात्री जुळून आले आणि हॉलमध्ये घोटाभर पाणी शिरलं. सकाळी उतरलं, पण ओल प्लास्टरमधून चढत गुडघ्यापर्यंत गेली. जो तो सांगत होता, खिडक्या उघड्या टाका. अहो, बाहेरच्या हवेतच ८५-९० टक्के आर्द्रता, ती आत घेऊन काय वाळणार? बुरशीला २४ ते ४८ तास पुरतात. भिजलेल्या गाद्या टाकल्या, शोकेसची फुगलेली खालची पट्टी उखडली, कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढली आणि दारं-खिडक्या लावून मशीन सुरू केलं.

पाणी ओढतं, त्यात वाद नाही. पण दिवसाला १२ लिटर ओढणाऱ्या मशीनला २ लिटरची टाकी देणाऱ्या माणसाला एकदा भेटायचंय. ओल जोरात असेल तर चार तासांत टाकी भरते. मग मशीन बंद आणि पीं-पीं सुरू. रात्री दीडला उठून टाकी ओतायची, नाहीतर सकाळी आर्द्रतेचा आकडा परत ७८. सर्व्हिस सेंटरला फोन केला. उत्तर मिळालं, 'सर, तो आवाज तुमच्या सोयीसाठीच आहे.' त्याच दिवशी एक स्टार द्यायचं ठरवलं होतं.

स्टार वाढले ते पाइपमुळे. मागे एक रबरी बूच आहे, ते काढून पाइप लावला की पाणी थेट मोरीत जातं. बरोबर आलेला पाइप हातभर, त्यामुळे जांभळी नाक्यावरून लांब पाइप आणला. तरी पाणी वाहीना. आत पंप नाही, पाणी उतारानेच जातं, आणि मोरीचा उंबरा मशीनच्या तोंडापेक्षा उंच. शेवटी मशीन आईच्या चौरंगावर चढवलं. आई अजून कुरकुरते, पण त्या रात्रीपासून घर झोपतंय.

एकट्या मशीनने भागत नाही, हेही सांगून ठेवतो. सोफ्यामागच्या कोपऱ्यात हवा पोचत नव्हती, तिथे काळे ठिपके आलेच. साबणाच्या पाण्याने घासले, टेबलफॅन तिकडे वळवला, मग थांबले. रंगारी पहिल्याच आठवड्यात पुट्टी मारायला टपला होता. भिंतीला प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून रात्रभर ठेवला, सकाळी आतून थेंब. ते दाखवल्यावर गेला निमूट. तुकडा कोरडा निघेपर्यंत पुट्टीला हात लावू दिला नाही, आकडा ५५ च्या आत असला तरी. हवा वाळली म्हणजे भिंत वाळली असं नसतं.

विजेचं म्हणाल तर ३०० वॅटचं मशीन दहा तास चाललं की ३ युनिट. महिन्याला ९०, त्यात घरातला बाकीचा वापर, म्हणजे महावितरणचा १०० युनिटांचा स्वस्त टप्पा केव्हाच ओलांडला. शिवाय बंद खोली चांगलीच तापते. तरी नवं प्लास्टर करण्यापेक्षा स्वस्त.

परवा टाकीचा कान तुटला. सुटा मिळत नाही, अख्खी टाकी घ्या म्हणाले. एम-सील लावलंय. तीन स्टार, तेही पाइपला.