दलाली मालकाकडून घेतली, माझ्याकडून घेतली, वर मालकाच्या नावाने परत माझ्याकडूनच

रत्नागिरीत भाड्याने फ्लॅट शोधणाऱ्यांसाठी लिहितोय. बायको नको म्हणत होती, कशाला चारचौघात आपलं हसं करून घेतोस म्हणे, पण ऑफिसात हसून झालंय, कणकवलीला घरी हसून झालंय (बाबा फोनवर पहिलं वाक्य हेच बोलले, "तुका कोणी सांगितल्यान पैसे देवक?"), आता हसायचं राहिलंय कोण.

एजंटने माझ्याकडून घेतलेले ३१,९६० रुपये. हिशोब आधीच देतो. भाडं ११,००० आणि डिपॉझिट ५०,०००, हे मालकाच्या खात्यात गेलं, त्याबद्दल तक्रार नाही. एजंटने घेतले ते असे: माझ्या वाट्याचं ब्रोकरेज ११,०००, "मालकाच्या वाट्याचं" ब्रोकरेज आणखी ११,०००, त्या बावीस हजारांवर १८ टक्के जीएसटी ३,९६०, ॲग्रीमेंट रजिस्ट्रेशनचे ४,५०० आणि पोलीस व्हेरिफिकेशनचे १,५००.

आता लगेच म्हणाल की मालकाच्या वाट्याचे तू का दिलेस. मे महिना संपत आलेला, १ जूनला मिरजोळे एमआयडीसीत जॉईन व्हायचं, मुलीची शाळा सुरू होणार, आणि एकदा मृगाचा पाऊस लागला की टेम्पोवाला ताडपत्रीचे पण वेगळे मागतो. नाचणे, खेडशी, कुवारबाव सगळं बघून झालेलं, कुठे बॅचलर नको, कुठे नॉनव्हेज नको (रत्नागिरीत!), कुठे उन्हाळ्यात टँकर. माळनाक्याजवळचा हा टूबीएचके बरा होता. एजंट म्हणाला, "साहेब, मालक डोंबिवलीला असतात, ते एजंटला एक रुपया देत नाहीत. हल्ली इकडे हीच पद्धत झालीय, दोन्ही साईडचं भाडेकरूच देतो. तुम्हाला नको असेल तर मेडिकल कॉलेजचे एक डॉक्टर उद्या टोकन देतायत." ते डॉक्टर कोणालाच कधी दिसत नाहीत, ते सगळ्या एजंटांकडे असतात. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण दोन बॅगा आणि पोर घेऊन लॉजवर राहून बघा, मग तो डॉक्टर खरा वाटायला लागतो.

आणि आता ते सांगतो ज्याने मला अजून झोप लागत नाही. फ्लॅट फायनल करताना एजंटने मालकांना फोन लावला आणि मोबाईल किचनच्या ओट्यावर स्पीकरवर ठेवला. मालक काका मोकळे बोलत होते, पावसाची झड गॅलरीतून आत येते, प्लास्टिक बांधून घ्या, गिझरचं बटण उलटं आहे वगैरे. आणि मग स्वच्छ बोलले, "आणि एजंटचं जे काय होतं ते मी देऊन टाकलंय हां, तुम्ही त्याची काळजी करू नका." स्वच्छ! बायकोने पण ऐकलं. एजंटने त्याच क्षणी मोबाईल उचलला, स्पीकर बंद केला आणि हो काका हो काका करत गॅलरीत गेला. परत आला तो हसतच. "मागच्या भाडेकरूच्या वेळचं बोलतायत, वय झालं हो काकांचं, विसरतात." मी पण हसलो! गिझरचं बटण उलटं आहे हे ज्या माणसाला डोंबिवलीत बसून आठवतं तो अकरा हजार विसरेल का, हे तेव्हा डोक्यात यायला हवं होतं. नंबर मागितला तर "काकांना परस्पर फोन केलेला आवडत नाही, काही असेल तर मी आहे ना". जो एजंट मालकाचा नंबर देत नाही त्याच्यासमोर उभं पण राहू नका.

पावती दिली. स्टेशनरीच्या दुकानात मिळतं ते गुलाबी पावतीपुस्तक, वर रबरी शिक्का, आणि हाताने लिहिलेलं "जीएसटी १८% – ३,९६०". नंबर नाही. जीएसटी नंबर १५ अक्षर-आकड्यांचा असतो, तो पावतीवर नसेल तर जीएसटीचा एक पैसा देऊ नका. वर्षाला २० लाखांच्या आत धंदा असेल तर सर्व्हिसवाल्याला रजिस्ट्रेशन लागत नाही आणि रजिस्ट्रेशन नसेल तर त्याला जीएसटी घ्यायचा अधिकारच नाही, म्हणजे ते ३,९६० सरळ त्याच्या खिशात. कार्डावर मात्र ठळक "रेरा रजिस्टर्ड". आपल्याला वाटतं सरकारी शिक्का आहे, माणूस बरा असेल. रेरा म्हणजे बिल्डर आणि घरखरेदीचा कायदा, त्यातला एजंट म्हणजे खरेदी-विक्रीचा एजंट, भाड्याच्या ब्रोकरेजला तो कायदा लागतच नाही.

गणपतीला काका गावी आले. जाता जाता मोदक आणि खिरापत घेऊन फ्लॅटवर आले, चहा झाला, आणि सहज विचारलं, "त्याने तुमच्याकडून काय घेतलं नाय ना? मी अकरा दिलेत त्याला, भाडेकरूकडून घ्यायचं नाय असं बोललो होतो." मोबाईलमध्ये ११,००० ची एंट्री दाखवली. मी गुलाबी पावती दाखवली. एका घराचे ३३,००० ब्रोकरेज, म्हणजे तीन महिन्यांचं भाडं! काका बराच वेळ पावतीकडे बघत राहिले, मग त्यांनी अशी शिवी दिली की इथे लिहिता येणार नाही.

ज्यांना वाटतं की याचा काहीतरी नियम असेल, त्यांना सांगतो, नाही. भाड्याच्या घराचं ब्रोकरेज कोणी द्यायचं आणि किती, हे आपल्याकडे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही, सगळं रिवाजावर. मुंबईत दोन्हीकडून एकेक महिन्याचं घेतात आणि तेच हळूहळू इकडे आलंय. माझा मावसभाऊ जर्मनीत आहे, तिकडे २०१५ पासून कायदा आहे की घर भाड्याने देताना एजंटला ज्याने काम सांगितलं त्यानेच पैसे द्यायचे. इथे आपण व्हॉट्सॲपवर मालक आणि एजंट दोघांना एकत्र घेऊन "ब्रोकरेज कोण किती देणार" एवढी एक ओळ लिहून घ्यायची. जो लिहायला काचकूच करेल त्याला रामराम.

ॲग्रीमेंटचा तर वेगळाच घोळ. ४,५०० घेऊन हातात ठेवलं ते ५०० च्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेलं. लिव्ह अँड लायसन्स (भाड्याचा करार) रजिस्टर होतं तेव्हा दोघांचे अंगठे आणि फोटो घेतात, माझा ना अंगठा घेतला ना फोटो. रजिस्ट्रेशन करायची जबाबदारी कायद्याने मालकाची, भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५, नाही केलं तर ५,००० पर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. म्हणजे पैसे खाल्ले एजंटने आणि अडकले असते काका. गणपतीनंतर काका थांबले आणि आम्ही नवीन ॲग्रीमेंट थेट रजिस्टर केलं: स्टॅम्प ड्युटी पाव टक्क्याने चारशेच्या आत, शहरात रजिस्ट्रेशन फी १,००० (ग्रामपंचायत हद्दीत ५००), हँडलिंगचे ३००, करून देणाऱ्याचे १,०००. सगळं धरून २,७०० च्या आत, घरबसल्या.

आता पोलीस. पोलीस स्टेशनला गेलो तर पहिला प्रश्न, "पैसे राजीखुशीने दिले ना?" हो, राजीखुशीनेच दिले, फसवून घेतात तेव्हा राजीखुशीनेच देतात, चाकू लावून घेतले असते तर त्याला फसवणूक कोण म्हणेल! "हा सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा." मी म्हटलं, खोटं सांगून पैसे घेणं म्हणजे फसवणूक, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. तर "आम्हाला कायदा शिकवू नका". अर्ज घेतला, पोच द्यायला तयार नाहीत, पोच मागितली तर साहेब बंदोबस्ताला गेलेत, साहेब आले तर शिक्का असणारा जेवायला गेला. आणि सगळ्यात कळस म्हणजे पोलीस व्हेरिफिकेशनच्या १,५०० चं सांगितलं तेव्हा त्यांनी कॉम्प्युटरवर बघितलं आणि मलाच झापलं, "तुमची माहिती तर आलेलीच नाही, भाडेकरू म्हणून नोंद का केली नाहीत?" अहो त्याचेच पैसे गेलेत माझे! "याचे पैसे आम्ही घेतच नाही, ऑनलाईन भरायचं असतं." मग ज्याने तुमच्या नावावर पैसे घेतले त्याला बोलवा की. नाही बोलावणार. आरोपीसारखा बाकावर बसलो होतो मी, आणि तो एजंट त्याच दिवशी स्टेटसला नवीन फ्लॅटचे फोटो टाकत होता.

पोच शेवटी मिळाली, तीही काका सोबत आले तेव्हा. पोच घेतल्याशिवाय कुठल्याच कचेरीतून उठू नका.

वकिलाची नोटीस गेल्यावर एजंटने ५,४६० परत टाकले, म्हणजे जीएसटी आणि व्हेरिफिकेशनचे, आणि मला ब्लॉक केलं. चूक नव्हती तर हे तरी परत का दिले? राहिलेल्या २६,५०० साठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकतोय, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांच्या आत करावी लागते. काका त्यांच्या ११,००० चा स्क्रीनशॉट आणि लेखी जबाब द्यायला तयार आहेत. नशीब की मी सगळं यूपीआयने दिलं, तो "कॅश दिलीत तर जीएसटी वाचेल" म्हणत होता, तेव्हा कॅश जवळ नव्हती म्हणून वाचलो.

रत्नागिरीत ज्यांच्याकडे अशी गुलाबी पावती आहे त्यांनी आधी आपल्या मालकाला फोन करून विचारा त्यांनी किती दिले, आणि आकडे जुळले नाहीत तर मला कळवा, तक्रारी एकाच वेळी टाकू.