भाड्याने घेतलेले गोदाम-रोबोट: यंत्रे उत्तम, तयारी मात्र आपल्याच गळ्यात

गोदामात माल वाहून नेणारे स्वयंचलित रोबोट विकत न घेता मासिक भाड्याने घेण्याची सोय आता अनेक कंपन्या देतात. अशाच एका सेवेच्या कराराची आमची पहिली मुदत नुकतीच संपली, म्हणून हे परीक्षण. कंपनीचे नाव मुद्दामच दिलेले नाही, कारण येथे रोख एखाद्या नावावर नसून या सेवेच्या घडणीवर आहे. मत आधीच सांगतो: रोबोट उत्तम आहेत, त्यांचे सॉफ्टवेअर समाधानकारक आहे, परंतु गोदाम त्यांच्यासाठी तयार करण्याचे काम या सेवेत जवळजवळ नाहीच, आणि भाडे भरणाऱ्याचा वेळ व पैसा सर्वाधिक खर्च होतो तो नेमका तेथेच.

आधी यंत्रांविषयी. २००३ साली स्थापन झालेल्या किवा सिस्टीम्सचे रोबोट अख्खा रॅक उचलून माणसापुढे आणून ठेवत, परंतु त्यासाठी माणसांना मज्जाव असलेले स्वतंत्र क्षेत्र आणि जमिनीवर चिकटवलेल्या खुणांचे जाळे लागे. २०१२ मध्ये अ‍ॅमेझॉनने ही कंपनी ७७ कोटी ५० लाख डॉलरला विकत घेतली, पुढे तिची यंत्रे बाहेरच्या गोदामांना मिळेनाशी झाली आणि त्या पोकळीत नव्या उत्पादकांची एक पिढीच उभी राहिली. आमच्याकडे आलेले रोबोट या नंतरच्या जातीचे आहेत. ते लायडरच्या (लेझर किरणांनी अंतर मोजणाऱ्या संवेदकाच्या) साहाय्याने परिसराचा नकाशा स्वतः बनवतात, माणसांच्या बरोबरीने त्याच रॅकच्या गल्ल्यांतून फिरतात आणि पिकरने (रॅकमधून माल काढणाऱ्या कामगाराने) टोटमध्ये, म्हणजे माल ठेवायच्या पेटीत, टाकलेला माल पॅकिंगच्या टेबलापर्यंत नेऊन पोहोचवतात. पिकिंगच्या, म्हणजे ऑर्डरीप्रमाणे माल काढून आणण्याच्या, एकूण वेळातला साधारण निम्मा वेळ नुसता चालण्यात जातो, असे गोदाम-व्यवस्थापनाची पाठ्यपुस्तके सांगतात. हे चालणे कमी करणे, एवढेच या यंत्रांचे काम आहे आणि ते काम ती चोख करतात. चार्जिंगसाठी आपणहून डॉकवर जाणे, वाटेत माणूस आला की थांबणे किंवा वळसा घालणे, या बाबतीत तक्रारीला जागा नाही.

तक्रार सुरू होते साइट सर्व्हेपासून. पुरवठादाराचे लोक आले, गल्ल्यांची रुंदी मोजली, जमिनीचे फोटो घेतले, वाय-फायचा सिग्नल तपासला आणि 'जागा योग्य आहे' असा अहवाल दिला. हा सर्व्हे झाला तेव्हा हंगाम ओसरलेला होता आणि खालचे बरेच रॅक रिकामे होते. लोखंडी रॅक सिग्नल परतवतात, द्रव पदार्थांनी भरलेले खोके तो शोषून घेतात, त्यामुळे रिकाम्या गोदामात मोजलेला सिग्नल भरलेल्या गोदामात तसाच मिळेल याचा काहीही भरवसा नसतो. हँडहेल्ड (हातातला स्कॅनर) वापरणाऱ्या माणसाला हे फारसे जाणवत नाही. स्कॅन झाले नाही तर तो दोन पावले सरकून पुन्हा स्कॅन करतो. रोबोट मात्र एका अ‍ॅक्सेस पॉइंटकडून (वाय-फायचा सिग्नल देणाऱ्या उपकरणाकडून) दुसऱ्याकडे जाताना संपर्क तुटला की नियंत्रक सर्व्हरकडून आदेश येईपर्यंत गल्लीच्या मधोमध उभा राहतो आणि त्याच्यामागे बाकीच्यांची रांग लागते. अखेर अ‍ॅक्सेस पॉइंटांच्या जागा आणि रोमिंगची (एका पॉइंटवरून दुसऱ्यावर संपर्क सोपवण्याची) मांडणी आम्हाला नव्याने करून घ्यावी लागली आणि तो खर्च अर्थातच भाड्यात धरलेला नव्हता. ज्यांना ही सेवा घ्यायची असेल त्यांनी सर्व्हे गोदाम भरलेले असतानाच व्हावा असा आग्रह धरावा आणि तसे लेखी घ्यावे.

जमिनीच्या बाबतीत अहवालाने निदान भेगा आणि काँक्रीटच्या सांध्यांची नोंद घेतली होती. रोबोटची चाके लहान असतात. फोर्कलिफ्टला ज्या सांध्याची खबरही लागत नाही, त्यावर टोटमधला हलका माल उडतो. सांधे भरून घेतले, गटाराच्या झाकणाजवळचा मार्ग नकाशातून वगळला आणि तो विषय मिटला. त्याहून चिवट निघाली ती रोजच्या कामातली बेशिस्त. पॅलेटवरून सुटून लोंबणारे स्ट्रेच फिल्मचे (माल गुंडाळायच्या पातळ प्लास्टिकचे) टोक वाऱ्याने हलले की लायडरला तो अडथळा वाटतो, आणि तेच टोक तुटून जमिनीवर पडले की चाकाच्या अक्षाला गुंडाळले जाते. उलट, जमिनीवर टेकवून ठेवलेले फोर्कलिफ्टचे दोन काटे लायडरच्या पातळीच्या खाली राहत असल्याने फक्त एकाच पातळीत पाहणाऱ्या यंत्राला ते दिसतच नाहीत. म्हणून उभ्या फोर्कलिफ्टची जागा पिवळ्या पट्ट्यांनी आखून तेवढा भाग रोबोटसाठी निषिद्ध करावा लागला. पुरवठादाराच्या प्रशिक्षणात यातला एकही मुद्दा नव्हता. ते सारे प्रशिक्षण स्क्रीनवरची बटणे कोणती, याभोवतीच फिरत होते.

आता ज्या एका गोष्टीने सर्वांत जास्त घाम काढला तिच्याकडे येतो: मास्टर डेटा, म्हणजे प्रत्येक मालाची मूळ नोंद. रोबोटवर किती टोट ठेवायचे, एका टोटमध्ये किती ऑर्डरी बसतील, कोणती ऑर्डर कोणत्या फेरीत द्यायची हे सारे सॉफ्टवेअर ठरवते ते प्रत्येक एसकेयूची (स्वतंत्र क्रमांक असलेल्या मालाच्या प्रकाराची) लांबी, रुंदी, उंची आणि वजन यांवरून. कोणत्याही जुन्या डब्ल्यूएमएसमध्ये (गोदाम-व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमध्ये) ही मापे उघडून पाहावीत. लांबी १, रुंदी १, उंची १ अशा नोंदी हमखास सापडतील, कारण एसकेयू तयार करताना हे रकाने भरणे सक्तीचे असते आणि माल अजून आलेला नसतो. माणसाने चालवलेल्या गोदामात असा डेटा वर्षानुवर्षे कोणाला न बोचता पडून राहतो. पिकर खोका पाहतो आणि मोठी ट्रॉली घेतो. रोबोटच्या सॉफ्टवेअरला मात्र तो खोका काडेपेटीहूनही लहान दिसतो, ते एका टोटमध्ये असे डझनभर खोके मांडते आणि पिकर पहिलाच खोका हातात धरून रोबोटसमोर उभा राहतो. याशिवाय खोका आणि नग यांची गल्लत, एकाच लोकेशनला दोन लेबले, रॅकच्या खांबावर चिकटवलेले आणि हाताने खाडाखोड केलेले जुने बारकोड, हे सारे निस्तरावे लागते. इनवर्डच्या (आलेला माल उतरवून घेण्याच्या) टेबलावर मोजमापाचे यंत्र बसवून, येणारा प्रत्येक माल तेथेच मोजून, आधीचा साठा गल्लीवार तपासत नेणे हाच यावरचा उपाय आहे. तो कंटाळवाणा आहे, त्याला माणसे लागतात आणि तो रोबोट येण्याआधी व्हायला हवा. पुरवठादाराच्या प्रस्तावात या कामासाठी 'ग्राहकाने डेटा उपलब्ध करून द्यावा' असे अवघे एक वाक्य होते.

मालाची मांडणीही बदलावी लागते. सर्वाधिक खपाचा माल पॅकिंगजवळच्या एकाच गल्लीत ठेवणे हा माणसांच्या पायपिटीवरचा जुना आणि योग्य उपाय. रोबोट आल्यावर मात्र त्याच गल्लीत त्यांची कोंडी होते. खपाचा माल तीन-चार गल्ल्यांत विभागल्यावर आणि अरुंद गल्ल्या एकदिशा केल्यावर आमची वाहतूक सुरळीत झाली. या एका बाबतीत पुरवठादाराच्या अभियंत्यांनी मनापासून मदत केली, त्यांचे गर्दीचे नकाशे खरोखर उपयोगी पडले, हेही नोंदवायला हवे.

सुरक्षिततेबद्दल विक्रीच्या बैठकीत 'आमची यंत्रे प्रमाणित आहेत' एवढेच सांगितले जाते. चालकरहित औद्योगिक वाहनांसाठीचे आयएसओ ३६९१-४ हे मानक यंत्राबरोबरच ते जेथे फिरते त्या क्षेत्राच्या तयारीबद्दलही बोलते. रोबोट आणि स्थिर वस्तू यांच्यामध्ये माणूस चिरडला जाऊ नये म्हणून मार्गाच्या कडेला किती मोकळी जागा हवी, हा विषय त्यात येतो. म्हणजे यंत्र प्रमाणित असले तरी रॅक, खांब आणि भिंती आपल्या असतात आणि जोखमीचे मूल्यमापनही जागेवरच करावे लागते. आगीचा इशारा वाजल्यावर रोबोट कोठे थांबतात, हा प्रश्न आम्ही विचारला तेव्हा 'जेथे असतील तेथे' असे उत्तर आले. आग अडवणाऱ्या शटरखाली उभा राहिलेला रोबोट शटर बंद होऊ देणार नाही, आणि बाहेर पडण्याच्या वाटेत उभा राहिलेला माणसांना अडवेल. अलार्मची जोडणी नियंत्रक सर्व्हरशी करून, अशा जागा आधी मोकळ्या करून मगच थांबण्याचा आदेश बसवून घेतला. तो झाला, नीट झाला, पण विचारल्यावर झाला.

कामगारांची भीती आणि कुतूहल यांवर पुष्कळ लिहिले जाते, म्हणून येथे एवढेच: ज्या सुपरवायझरांना मार्ग ठरवताना विचारले गेले, त्यांच्या शिफ्टमध्ये अडचणी कमी आल्या.

करार हा या सेवेचा सर्वांत कच्चा भाग. भाडे यंत्रे गोदामात उतरल्यापासून सुरू होते, पहिली ऑर्डर त्यांच्यावरून गेल्यापासून नव्हे. डब्ल्यूएमएसची जोडणी, डेटा आणि वाय-फाय यांत जेवढा काळ जाईल तेवढा काळ रोबोट डॉकवर चार्ज होत उभे राहतात आणि बिल चालू राहते. उपलब्धतेच्या (यंत्रे चालू स्थितीत राहण्याच्या) हमीतही असाच एक खड्डा आहे: ग्राहकाच्या नेटवर्कमुळे झालेला खोळंबा त्यातून वगळलेला असतो, आणि नेटवर्कचा दोष होता की यंत्राचा, हे ठरवणाऱ्या नोंदी पुरवठादाराच्याच सर्व्हरवर असतात. हंगामात जादा रोबोट मिळण्याची सोय मात्र उत्तम आहे आणि भाड्याच्या बाजूने उरणारे सर्वांत भक्कम कारण मला तेच वाटते.

'भाडे म्हणजे केवळ चालू खर्च, ताळेबंदात काही दिसणार नाही' हा विक्रेत्यांचा युक्तिवाद लेखापालाला दाखवल्याशिवाय मानू नये. १ जानेवारी २०१९ पासून लागू झालेल्या आयएफआरएस १६ या आंतरराष्ट्रीय लेखा-मानकानुसार, निश्चित ओळखता येणारी यंत्रे ठरावीक मुदतीसाठी आपल्या ताब्यात असतील तर अल्प मुदतीचे आणि कमी मूल्याचे अपवाद सोडून ती मालमत्ता आणि देणे म्हणून ताळेबंदात येतात. पुरवठादाराला संपूर्ण मुदतीत यंत्रे बदलण्याचा हक्क असेल, तसे करणे त्याला प्रत्यक्षात शक्य असेल आणि त्यात त्याचा आर्थिक फायदाही असेल, तर चित्र बदलते. बिघडलेला रोबोट दुरुस्तीसाठी बदलून देणे एवढ्याने तो हक्क सिद्ध होत नाही.

आम्ही करार पुढे चालू ठेवला आहे. वर्षभर राहणाऱ्या रोबोटची संख्या घटवून हंगामी संख्या वाढवली, नव्या यंत्रांचे भाडे स्वीकृती चाचणी यशस्वी झाल्यानंतरच सुरू होईल असे कलम घातले, आणि खोळंब्याच्या नोंदींची प्रत दररोज आमच्याकडे येईल हेही मान्य करून घेतले. नकाशा, मार्ग आणि निषिद्ध क्षेत्रांची माहिती करार संपल्यावर आम्हाला वापरता येईल अशा स्वरूपात मिळावी, ही मागणी मात्र त्यांनी अजून स्वीकारलेली नाही.