दोन पोर्टचं सर्व्हर नेटवर्क कार्ड: हळदीचा हंगाम काढल्यावर

मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे. सर्व्हरवर हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या. मदरबोर्डवरचा लॅन पोर्ट ऐन सौद्याच्या वेळी डुलक्या घ्यायला लागला. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (नोंदवहीत) लिंक तुटली, लिंक जुळली अशा नोंदींची रांग. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वीज वाचवण्याची खूण काढली, एनर्जी एफिशिएंट इथरनेट हे वीजबचतीचं दुसरं सेटिंग बंद केलं, तरी तेच. शेवटी जुन्या सर्व्हरमधून काढलेलं दोन पोर्टचं कार्ड घेतलं. नव्यावर पैसे घालायला मी तयार नव्हतो.

सुरुवातीला खूश होतो. दोन्ही पोर्टचं टीमिंग केलं, म्हणजे दोन्ही जोडून एकच केले, एक पडला तर दुसरा काम चालवतो. तेही स्विच इंडिपेंडंट मोडमध्ये. त्याला केबली जोडायचा साधा स्विच चालतो, सेटिंग करता येणारा महागडा मॅनेज्ड लागत नाही. चालू कामात एक केबल उपसून बघितली, काउंटरवर कुणाला कळलंसुद्धा नाही. तेव्हा लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

मग मार्चअखेरीला रात्रीचा बॅकअप सकाळी दिवाणजी येईपर्यंत संपेना. पिंग केलं (सर्व्हर उत्तर देतो का ते तपासलं) तर उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत. दोन्ही पोर्टचे दिवे लागलेले. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणतो, "लाईट लागतीय न्हवं? मग कार्डाला काय झालंय?"

या दिव्यांवर मला बोलायचंच आहे. पोर्टच्या एका दिव्याचा रंग वेग दाखवतो, पण कुठल्या रंगाचा वेग कुठला हे कंपनीगणिक बदलतं. कुठे पिवळा म्हणजे १००० एमबीपीएस आणि हिरवा म्हणजे १००, कुठे बरोबर उलटं. माझ्या कार्डाच्या पट्टीवर (कार्ड खोक्याला मागून बसतं त्या पत्र्यावर) एक अक्षर छापलेलं नाही. त्यात २०१९ चा महापूर बघितल्यापासून सर्व्हर माळ्यावर, पाठ भिंतीकडे. म्हणजे स्टूल, टॉर्च आणि वाकडी मान. आणि आमच्याकडे हळदीची पूड इतकी, की कुठलाही दिवा पिवळाच दिसतो! चार अक्षरं छापायला कंपनीला काय खर्च आला असता?

खरं उत्तर विंडोजच्या पॉवरशेलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, मिळालं. 'गेट-नेटअ‍ॅडॅप्टर' दिल्यावर एका पोर्टसमोर १ जीबीपीएस (म्हणजे १००० एमबीपीएस, गिगाबिट), दुसऱ्यासमोर १०० एमबीपीएस. केबलींची अदलाबदल केली तर १०० हा आकडा केबलीबरोबर दुसऱ्या पोर्टवर गेला. म्हणजे कार्ड निर्दोष. केबल टेस्टर लावला तर सात नंबरच्या तारेचा दिवा लागेना. पोत्यांच्या थप्पीमागे उंदरानं तपकिरी जोडीतली तार कुरतडली होती. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० ला १, २, ३ आणि ६ या चारच पुरतात. म्हणून लिंक तुटली नाही, नुसती मंदावली, आणि नेमका बॅकअप त्याच पोर्टवरून जात होता.

त्यामुळे कार्डाबद्दलचं मत पुन्हा सुधारलं, टीमिंगबद्दलचं मात्र थोडं उतरलं. टीमिंग आधार देतं खरं, पण तक्रार गिळून टाकतं. टीमच्या आयपीला (दोन्ही पोर्टच्या सामाईक पत्त्याला) पिंग करत बसलात तर एक पोर्ट मेला तरी सगळं हिरवंगार दिसेल. लक्ष ठेवायचं तर प्रत्येक पोर्टच्या स्टेटसवर आणि लिंक स्पीडवर वेगवेगळं ठेवा. मी टास्क शेड्यूलरमध्ये छोटी स्क्रिप्ट लावली आहे: दर ५ मिनिटांनी दोन्ही पोर्ट बघते, कुठलाही १ जीबीपीएसखाली गेला की मेल येतो. खर्च शून्य. देखभालीवाल्यानं याच दुखण्यावर नवा स्विच आणि वर्षाचा करार सुचवला होता.

पाचपैकी चार. कापलेला एक दिव्यांचा, आणि तो परत मिळणार नाही. जुनं कार्ड घेणार असाल तर पट्टी आखूड आहे की उंच, आणि तुमच्या खोक्यात कुठली बसते, ते आधी बघा. मला आखूड आली होती, आणि उंच पट्टीचे त्या माणसानं वेगळे पैसे घेतले.